तेरा फुटांचा संसार

कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको फायबरग्लासच्या सेप्टिक टाक्यांचे काम करीत. टाकी हलकी असूनही इतकी दणकट होते, मग याच पद्धतीने मोटारीमागे ओढायची खोली का करू नये, असे त्यांच्या मनात आले आणि १९६८ मध्ये ‘बोलर’ हा चिमुकला ट्रेलर जन्माला आला. साच्यातून काढलेले वरचे आणि खालचे असे दोन भाग मध्यावर जोडले की घर उभे. भिंतीत लाकडी सांगाडा नाही, त्यामुळे भिंत कुजण्याचा प्रश्न नाही. वजन साडेचारशे किलोच्या आसपास, म्हणजे साध्या मोटारीलाही ओढता येईल इतके. पुढे अमेरिकेत मिनेसोटातल्या बॅकस गावी ‘स्कॅम्प’ आणि टेक्ससमध्ये ‘कसीटा’ हे त्याच वळणाचे ट्रेलर होऊ लागले. बोलरचे उत्पादन १९८० च्या दशकात थांबले, पण त्यांची कवचे टिकली. पन्नाशी गाठलेले बोलर उत्तर अमेरिकेच्या रस्त्यांवर आजही दिसतात. आतले सामान मात्र एवढी वर्षे तग धरत नाही, आणि धरलाच तरी आजच्या माणसाच्या सवयींना ते पुरत नाही. म्हणून मालक स्वतःच ड्रिल आणि करवत घेऊन कामाला लागतात.

बोलरची तेरा फूट ही लांबी ओढायच्या दांड्यासकट मोजतात. आत जेमतेम दहा फूट हाती लागतात. मागे समोरासमोर दोन बाकडी आणि मध्ये टेबल, पुढे सोफा, एका अंगाला छोटा ओटा, शिवाय कपड्यांचे उभे कपाट, अशी बोलरची मूळ मांडणी. रात्री टेबल खाली उतरवून बाकड्यांच्या पातळीवर ठेवायचे, पाठीच्या गाद्या मध्ये सरकवायच्या, की दोघांचा पलंग होतो. पुढच्या सोफ्याची पाठ उचलून अडकवली की मुलांसाठी वर-खाली झोपायची सोय. रेल्वेच्या डब्यातला मधला बर्थ जसा उघडतो, अगदी तसेच.

एखाद्या रात्रीपुरते हे ठीक. आठवडाभर रोज पलंग घालायचा आणि सकाळी चहाआधी मोडायचा, याचा मात्र कंटाळा येतो. त्यामुळे दोघेच फिरणारे लोक बहुधा पहिला बदल इथेच करतात. मागचा पलंग कायमचा ठेवायचा आणि पुढच्या सोफ्याच्या जागी दोन बैठका आणि मध्ये अरुंद टेबल बसवायचे. खर्च प्लायवूडचा आणि गाद्या शिवून घेण्याचा. छोट्या ट्रेलरमधल्या सगळ्या बदलांत हाच सर्वांत फायद्याचा म्हणावा लागेल, कारण वजन जवळजवळ वाढत नाही आणि रोजची अर्धी कटकट संपते.

पलंग कायमचा झाला की त्याखालच्या सामानापर्यंत पोहोचायचे कसे, हा पुढचा प्रश्न. दर वेळी गादी उचलणे जमत नाही, म्हणून बाकड्याच्या उभ्या बाजूला दार कापतात. ती बाजू फायबरग्लासची असेल तर कोपरे गोल ठेवावे लागतात. काटकोनात कापलेल्या कोपऱ्यावर ताण एकवटतो आणि रस्त्यावरच्या धक्क्यांनी तिथूनच तडा जातो. दाराला चांगली पकड असलेला खटका हवा. घरच्या कपाटाचे हलके लोहचुंबक वळणावर सुटते आणि भांडी जमिनीवर येतात.

या कामात सगळ्यांत मोठा धोका उत्साहाचा आहे. जुना ट्रेलर विकत घेतला की पहिल्याच आठवड्यात आतले सगळे उपटून टाकावेसे वाटते. पण या ट्रेलरमध्ये कपाटे निव्वळ कपाटे नसतात. उभे कपाट आणि ओट्यावरचे कप्पे छताला टेकू देतात. ते काढले की पातळ छत हळूहळू बसते, झरोक्याभोवती पाणी साचते आणि गळती सुरू होते. म्हणून जाणकार मंडळी कपाट सोडवण्याआधी आत लाकडी टेकू उभा करतात आणि नवे कपाटही छताचा भार घेईल असेच बांधतात. जुन्या कपाटाच्या फळ्या फेकायच्या नाहीत, त्या नमुने म्हणून जपायच्या, हा त्यांचा आणखी एक नेम. ट्रेलरची भिंत कुठेच सरळ नसते. तिच्या वळणाचा आकार नव्या प्लायवूडवर उतरवायला जुनी फळीच लागते.

कपाटे कवचाला रिव्हेटने धरलेली असतात. रिव्हेट भिंतीच्या आरपार जातो आणि बाहेरून त्यावर प्लॅस्टिकची टोपी बसते. उन्हापावसाने टोपी ठिसूळ होते, फुटते आणि भोकातून पाणी आत झिरपते. ते भिंतीवरून थेट खाली उतरते आणि जमिनीचे लाकूड कुजवते. भिंत शाबूत आणि तळ पोकळ, ही जुन्या ट्रेलरची नेहमीची व्यथा. तेव्हा सजावटीला हात घालण्यापूर्वी एकेक रिव्हेट तपासावा. संशय आला तर तो ड्रिलने काढून ब्यूटिल टेप लावून नवा बसवावा, किंवा वॉशर घालून स्टेनलेस स्टीलचा बोल्ट लावावा.

नवी फळी लावायची असेल तर भिंतीला आणखी एक भोक पाडायची गरजही नसते. त्यासाठी एक जुनी, विश्वासाची रीत आहे. भिंतीची आतली बाजू त्या जागी पॉलिश पेपरने घासून खरखरीत करायची, लाकडाचा छोटा ठोकळा इपॉक्सीने चिकटवायचा आणि वरून फायबरग्लासचे कापड रेझिनमध्ये भिजवून बसवायचे. वाळल्यावर स्क्रू त्या ठोकळ्यात घ्यायचा, ठोकळ्याच्या जाडीपेक्षा आखूड. घासण्यात हयगय केली तर ठोकळा पहिल्याच उन्हाळ्यात निखळतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र काही केल्याची खूणही दिसत नाही.

वजनाचे गणित मनाला येईल तसे फिरवता येत नाही. आठ बाय चारची १८ मिलिमीटरची बर्च प्लायवूडची शीट चौतीस किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच आकाराची एमडीएफची त्याहून जड, शिवाय ओल लागली की फुगते. म्हणून कप्पे आणि दारे सहा किंवा नऊ मिलिमीटरच्या प्लायवूडची करून कडेला लाकडी पट्टी देतात. वजन किती, याइतकेच ते कुठे पडते यालाही महत्त्व आहे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्या मोटारीच्या मागच्या जोडावर, म्हणजे हिचवर, पडायला हवा. सहाशे किलोचा ट्रेलर असेल तर साठ ते नव्वद किलो. पुढच्या दांड्यावरची बॅटरी उचलून मागच्या बाकड्याखाली ठेवली, तिथेच पाण्याची टाकी बसवली, की हा भार घटतो आणि हमरस्त्यावर वेग घेताच ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागतो. असे अपघात जीवघेणे होतात. हलक्या ट्रेलरच्या दांड्याचा भार घरातल्या वजनकाट्यावरही मोजता येतो, आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर तो मोजलाच पाहिजे.

ओल हा दुसरा शत्रू. थंडीच्या रात्री दोन माणसे बंद ट्रेलरमध्ये झोपली की त्यांच्या श्वासातली वाफ गार भिंतीवर आणि गादीखाली पाणी होऊन बसते. सपाट प्लायवूडवर ठेवलेल्या गादीला खालून बुरशी येते ती यामुळेच. यावरचा उपाय स्वस्त आहे. फळीऐवजी दोन-दोन इंचांच्या फटी सोडून लाकडी पट्ट्या ठोकल्या की गादीखाली हवा खेळते. छताच्या चौदा इंची चौकोनी झरोक्यात बारा व्होल्टचा पंखा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. थंडीच्या भीतीने सगळे गच्च लावून घेणाऱ्यांच्याच गाद्या आधी कुजतात.

विजेतला सोपा बदल दिव्यांचा. जुना बारा व्होल्टचा एक बल्ब दोन अँपिअरहून जास्त वीज खातो. असे चार बल्ब पाच तास जळले तर चाळीस अँपिअर-तास संपतात. शंभर अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये, म्हणजे एका संध्याकाळीच ती जवळपास रिकामी. तेवढाच उजेड देणारे एलईडी दिवे चार-पाच अँपिअर-तासांत भागवतात. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली तर अठ्ठावीस-तीस किलोंच्या जागी बारा किलो येतात. मात्र चार्जर त्या बॅटरीला चालणारा आहे की नाही ते पाहावे लागते, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा लागतो.

गॅसच्या नळीला मात्र हौशी माणसाने हात लावू नये. ते प्रशिक्षित माणसाचे काम. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याची सूचना देणारे यंत्र जमिनीलगत बसवतात. कार्बन मोनॉक्साइडचे वेगळे. नव्या कपाटामागे ही यंत्रे झाकली जाणार नाहीत, हे आराखडा काढतानाच बघायचे.

महाराष्ट्रात ओढायचे ट्रेलर क्वचितच दिसतात. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यावर चर्चा झाली ती मुख्यतः मोटारीवरच बांधलेल्या कॅराव्हॅनची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. म्हणून आसने काढणे, छत उंच करणे असले काही मनात असेल तर सुताराकडे जाण्याआधी आरटीओत चौकशी करावी. गादीखाली पट्ट्या ठोकायला आणि दारांचे खटके बदलायला मात्र एक रविवार पुरतो.