चिंपांझींच्या अरण्यांतील सोवळें

आपल्या पुराणांत वानरांस मोठा मान आहे व संस्कृतांत त्यांस ‘शाखामृग’ असें गोड नांव आहे. परंतु आफ्रिकेंतील चिंपांझी या नांवांत बसत नाहीं. त्यास शेपूट नसतें. आणि दूरच्या झाडाकडे जावयाचें झाल्यास तो बहुधा खालीं उतरतो व हातांचीं बोटें दुमडून, पेरांवर भार देत, जमिनीवरूनच चालत जातो. आपल्या देशांत हा प्राणी रानांत मुळींच नाहीं. त्यास त्याच्या घरीं पाहण्याचा योग मला युगांडांतील किबाले अरण्यांत आला.

कंपाला शहराच्या पश्चिमेस सुमारें ३०० किलोमीटरांवर फोर्ट पोर्टल हें गांव आहे. त्याच्याजवळचें हें अरण्य १९९३ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. तेथें सुमारें १,५०० चिंपांझी राहतात. आंत शिरण्यापूर्वीं वाटाड्यानें प्रथम विचारलें तें हें कीं, कोणास सर्दी, खोकला वा ताप आहे काय? असल्यास त्यानें मागें राहावें. आम्हांस मुखपट्ट्या बांधावयास सांगितलें. दहा मीटरांच्या आंत जावयाचें नाहीं, खावयाचें नाहीं, थुंकावयाचें नाहीं, व दर्शनाचा काळ एक तास!

तासभर चिखल तुडविल्यावर आपल्या उंबराच्या जातीचीं अर्धवट खाल्लेलीं फळें पडलेलीं दिसलीं. इतक्यांत दूर हुंकार सुरू झाले. ते चढत चढत किंकाळ्यांस पोहोंचले आणि झाडाच्या फळीसारख्या रुंद मुळांवर कोणीं तरी ढोल बडवावा तसे धपके आले. थोडें पुढें एक थोराड नर स्वस्थ बसला होता व दुसरा त्याचे केस विंचरल्यासारखे निवडीत होता. पलीकडे एक आई व तिचें पोर. आमच्याकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. तें पोर मात्र कुतूहलानें आमच्याकडे चालूं लागलें. आमच्यांतील एका बाईंचा हात आपोआप पुढें झाला. वाटाड्यानें तत्क्षणीं सर्वांस मागें सारलें.

हें निष्ठुरपण नव्हे. याच अरण्यांतील कान्यावारा भागांत २०१३ सालीं चिंपांझींमध्यें खोकल्याची सांथ आली व ५६ जणांच्या टोळींतील ५ दगावले. शोधाअंतीं कारण निघालें तें माणसाच्या मुलांस सर्दी आणणारा एक विषाणू. आपल्या घरांत जो बहुधा थोड्या दिवसांत आपोआप बरा होतो, तोच त्यांच्या जिवावर उठला. चिंपांझी मादीस दोन बाळंतपणांत पांच-सहा वर्षें लागतात. म्हणजे अशी हानि भरून यावयास केवढा काळ हवा!

आमच्या घरांत सोवळ्यांतील माणूस दुसऱ्याचा स्पर्श टाळतो तो स्वतःच्या शुद्धतेसाठीं. किबालेंत ओंवळे आपण. अंतर राखावयाचें तें समोरच्याच्या जिवासाठीं. पहिल्या प्रकारांत पुष्कळदां अहंकार असतो, दुसऱ्यांत निखळ माया आहे.

दूर राहून ज्ञान होत नाहीं, असेंही नाहीं. जेन गुडाल १९६० सालीं टांगानिका सरोवराकांठीं गोंबे येथें गेल्या, तेव्हां आरंभीं त्यांना दुर्बिणीनें दुरूनच पाहावें लागे. त्याच वर्षीं त्यांनीं पाहिलें कीं, चिंपांझी गवताची काडी वारुळांत घालतो व तिला चिकटलेली वाळवी खातो. उपकरण वापरणारा प्राणी केवळ मनुष्य, ही समजूत तेथें ढळली. पुढें केळीं ठेवण्यास सुरुवात झाल्यावर चिंपांझी जवळ आले खरे, पण त्यांच्यांतील भांडणें वाढलीं. ती पद्धत अखेर बंद करावी लागली.

वणीच्या गडावर अथवा महाबळेश्वरास आपण मुलांच्या हातून माकडांस चणे-केळीं देववितों व त्यांत पुण्य मानतों. तींच माकडें पुढें पिशव्या हिसकतात, चावतात, आणि मग आपणच त्यांस दगड मारतों. तेव्हां पुढील सुटींत मुलांच्या हातीं केळ्याऐवजीं दुर्बीण द्यावी व तासभर स्वस्थ बसावयास सांगावें. कोण कोणाच्या उवा काढतें, कोणाचें पोर कोणाच्या कुशींत शिरतें, थोरल्यापुढें कोण दबतें, हें सारें त्यांस दिसेल. आणि भरल्या घरांत वाढलेल्या मुलांस तें समजावून सांगावें लागणार नाहीं.