वीस तारखेच्या आधी

सीए ऑफिसात दर महिन्याच्या १४ तारखेला एक काम सुरू होतं. जीएसटी पोर्टलवर २बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचा तक्ता. तो क्लायंटच्या खरेदीशी जुळवायचा आणि २० तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरायचं. एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता, असलेला हुशार सहायक या सहा दिवसांत कसा अडकतो ते पाहा. टॅली उघडलेलं, एक्सेलची शीट समोर. चौथ्या ओळीवर बिल नंबर जुळत नाही, म्हणून तो मेलमध्ये मूळ बिल शोधायला जातो. तिथे दुसऱ्याच क्लायंटचा टीडीएसचा प्रश्न दिसतो. तो सोडवतो, अगदी चोख सोडवतो. जेवायची वेळ होते आणि शीट चौथ्या ओळीवरच असते. हाच माणूस १९ तारखेच्या रात्री चार क्लायंटचं काम एका बैठकीत उरकतो. मग साहेब विचारतात, ‘‘जमतं ना? मग आधी का नाही केलंस?’’

हा प्रश्न त्या माणसाला शाळेपासून ऐकावा लागलेला असतो आणि तो अन्यायाचा आहे. कामांचा क्रम लावणं, मध्येच आलेला विचार थोपवणं, वेळेचा अंदाज ठेवणं ही मेंदूच्या पुढच्या भागाची कामं. एडीएचडीत तिथला डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांचा कारभार वेगळा चालतो. काम आवडीचं, नवं किंवा अगदी गळ्याशी आलेलं असलं की लक्ष लागतं. ते महत्त्वाचं आहे एवढं कळून लागत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की अडचण माहितीची नसून माहीत असलेलं त्या घटकेला करण्याची आहे. म्हणून मदतही कामाच्या जागी आणि कामाच्या वेळीच हवी.

रील्स पाहून उडणारं लक्ष म्हणजे एडीएचडी नव्हे. २०१३च्या डीएसएम-५ या निदान-पुस्तिकेनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात. झोपेच्या तक्रारी किंवा चिंताविकारही असेच दिसू शकतात, त्यामुळे निदान मानसोपचारतज्ज्ञाकडूनच करून घ्यावं. मिथाइलफेनिडेटसारख्या औषधांनी अनेकांना खरोखर फरक पडतो, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

आता पुन्हा त्या शीटकडे. ‘२बी जुळवणे’ हे काम फार मोठं आहे. त्याला सुरुवातच सापडत नाही. ‘११ ते ११.३०, या क्लायंटचे पहिले वीस पुरवठादार’ असं कागदावर लिहिलं की सापडते. न जुळणारी ओळ लाल करून पुढे जायचं, शोधाशोध शेवटी एकदम. टीडीएसची आठवण झाली तर ती शेजारच्या वहीत एका शब्दात टाकायची. उरलेली मिनिटं दाखवणारं घड्याळ टेबलावर हवं, मोबाइलमध्ये नको. फ्रान्चेस्को चिरिलोंची २५ मिनिटांची पोमोदोरो पद्धत सुरुवात करायला छान. पण हात बसल्यावर वाजलेली घंटा तंद्री मोडते, तेव्हा ती खुशाल बंद करावी असं माझं मत आहे.

स्वतःच ठरवलेली खोटी मुदत फारशी चालत नाही, कारण ती खोटी आहे हे आपल्याला माहीत असतं. दुसऱ्याला दिलेली मुदत चालते. १६ तारखेला चार वाजता सहकाऱ्याला अर्धी शीट दाखवायची असं ठरलं की १९च्या रात्रीची निकड तीन दिवस आधी येते. नुसतं कुणी शेजारी आपलं काम करत बसलं, तरी अनेकांचं चित्त ठिकाणावर राहतं. पुण्यातल्या पेठांमध्ये घरी टेबल-खुर्ची असणारी मुलंही पैसे भरून अभ्यासिकेत जाऊन बसतात, ती काही अंशी याचसाठी.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत एडीएचडीचं नाव नाही. त्यामुळे ऑफिसातली सोय बरीचशी वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते. निदान सांगायचं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण मागणी नेमकी असावी: जाता जाता तोंडी सांगितलेलं काम मेलवर यावं, बसायची जागा दारापासून लांब मिळावी, १४ ते २० या दिवसांत सकाळचे दोन तास फोन दुसऱ्या कुणी घ्यावेत. यातल्या एकाही गोष्टीसाठी कुणाची खास मंजुरी काढावी लागत नाही. साहेब येत्या सोमवारपासून सुरू करू शकतात.