मुलांच्या हाती गाडी, पालकांच्या हाती नकाशा



मुलाला किंवा मुलीला १८ वर्षे पुरी झाली, परवाना हाती आला आणि घरची गाडी घेऊन ते पोर प्रथमच एकटे रस्त्याला लागले, की आईबापांचा जीव कसा टांगणीला लागतो हे आपल्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर येथून वाशीमला किंवा अकोल्याला जाणेयेणे ही आपल्याकडची रोजचीच गोष्ट. त्यातून सोयाबीनचा हंगाम असला म्हणजे अंधारात मागे दिवा नसलेली एखादी ट्रॉली पुढे केव्हा उभी राहील याचा नेम नाही. अशा वेळी कोणी शेजारी सुचवतो, "मोबाइलमध्ये एक ॲप घाला, म्हणजे पोर कुठे आहे ते घरबसल्या दिसेल." सूचना वाईट नाही. परंतु ॲप निवडावे कसे आणि त्यावर भिस्त किती ठेवावी, याचा विचार आधी व्हायला हवा.

प्रथम कायद्याचे पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची मोटारसायकल चालवता येते. बाजारात नेहमी दिसणाऱ्या स्कूटरचे एंजिन १०० सीसीहून मोठे असते, म्हणजे तिच्यासाठी १८ वर्षेच पुरी व्हावी लागतात. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. तेव्हा "ॲप आहे ना, मग दहावीतल्या पोराला गाडी द्यायला काय हरकत?" हा विचार मुळातच चुकीचा आहे. नकाशा परवान्याची जागा घेत नाही आणि हेल्मेटचीही घेत नाही.

आता हे यंत्र चालते कसे? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह वेळेचे संकेत सतत पाठवीत असतात. मोबाइल ते नुसते ऐकतो आणि निदान चार उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा गणिताने काढतो. उपग्रहाला आपला पत्ता नसतो. ती जागा पुढे मोबाइलच्या नेटवर्कने कंपनीच्या संगणकाकडे जाते आणि तेथून आपल्या हातातल्या नकाशावर ठिपका होऊन उमटते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, वाटेत रेंज गेली किंवा बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ॲप झोपले, तर ठिपका जागच्या जागी थांबतो. ठिपका थांबला म्हणजे गाडी थांबली असे नव्हे. अपघात झाला असे तर मुळीच नव्हे. त्याचप्रमाणे मोबाइलला वेग कळतो, पण पोर स्वतः गाडी चालवीत आहे की एस. टी.त बसले आहे, हे त्याला खात्रीने सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. बाप आणि लेक यांच्यामध्ये एक तिसरा बसलेला असतो. तो म्हणजे कंपनी. अमेरिकेतील 'लाइफ३६०' हे कुटुंबांसाठीचे प्रसिद्ध ॲप. ही कंपनी लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालांना विकते, असे डिसेंबर २०२१ मध्ये 'द मार्कअप' या वृत्तसंस्थेने उघडकीस आणले. त्यानंतर जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने ही विक्री बहुतांशी बंद करण्याचे जाहीर केले. लेकराच्या काळजीपोटी आपण दिलेली माहिती बाजारात कशी जाते, याचे हे बोलके उदाहरण होय.

म्हणून निवड करताना चार प्रश्न विचारावेत. माहिती कोणाकोणाला दिसते? किती काळ दिसते? मुलाला ती स्वतः बंद करता येते का? आणि या सोयीसाठी कंपनी पैसे घेते की माहिती? या कसोटीवर नव्या ॲपची गरजच पुष्कळदा उरत नाही. व्हॉट्सॲपवर चालते ठिकाण १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास दाखवता येते आणि मुदत संपली की ते आपोआप बंद होते. गूगल मॅप्समध्ये मुदत ठरवता येते किंवा बंद करीपर्यंत ठिकाण दाखवता येते. समोरच्याच्या मोबाइलची बॅटरी किती उरली तेही दिसते. वाशीमहून अकोल्याला जाऊन येणाऱ्या मुलासाठी एवढे पुरेसे आहे. वेग व जोराचा ब्रेक नोंदवणारे ॲप घेतलेच, तर ती नोंद रविवारी शांतपणे दोघांनी मिळून पाहावी.

निवडीपेक्षाही महत्त्वाचा आहे तो घरातला करार. ॲप चोरून घालू नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले आहे, आणि १८ वर्षांचे मूल कायद्याने सज्ञान असते. मुलीला जो नियम तोच मुलाला असावा. मुलीचा ठिपका तासातासाला पाहायचा आणि मुलगा रात्री कुठे होता हे विचारायचेही नाही, ही सुरक्षितता नव्हे. वडिलांनीही प्रवासात आपले ठिकाण मुलांना दाखवावे. पहिल्या सहा महिन्यांनंतर हे चालू ठेवायचे की नाही, ते पुन्हा बसून ठरवावे.

आणि एक पथ्य कटाक्षाने पाळावे. ठिपका हलत असताना फोन करू नये. आपल्या काळजीचा फोन उचलण्यासाठी पोराने एक हात हँडलवरून काढला, तर ज्याची भीती तेच ओढवेल. पोचल्यावर त्यानेच कळवायचे, असे ठरवून ठेवावे. अपघात झालाच तर पोलिसांसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक त्याला तोंडपाठ असावेत. मोबाइलच्या बंद पडद्यावरही घरचा क्रमांक व रक्तगट दिसेल अशी सोय करून ठेवावी.

पोर कुठे आहे हे ॲप सांगेल. ते गाडी कशी चालवते, हे मात्र आपण त्याच्या मागे बसून काही दिवस पाहावे लागेल. ॲप घेण्यापूर्वी तेवढा वेळ प्रत्येक घराने काढावा, एवढीच माझी विनंती आहे.