करार संपल्यावरचे बंधन

अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये एके काळी करार संपला तरी खेळाडू मोकळा होत नसे. त्याच्यावरील संघाचा हक्क कायम राही. दुसरे दारच बंद, तेव्हा वाटाघाटी म्हणजे निव्वळ विनवणी. खेळाडू-संघटनेचे अध्यक्ष ऑस्कर रॉबर्टसन यांनी १९७० साली या प्रथेविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. १९७६ मध्ये तडजोड झाली. तरीही बाहेरच्या देकाराइतकी रक्कम देऊन खेळाडूला रोखण्याचा अधिकार संघाकडे उरलाच. अखेर १९८८ मध्ये टॉम चेंबर्स सिॲटल सोडून फिनिक्सच्या संघात गेले, तेव्हा जुन्या संघाला त्यांना अडविता आले नाही. आजच्या कोट्यवधींच्या आकड्यांकडे पाहून नाके मुरडणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे: नकार देण्याची मुभा असेल, तरच होकाराला करार म्हणता येते.