ओल कुणाची? – भाड्याच्या घरातील बुरशी

खोपोली हे गाव बोरघाटाच्या अगदी पायथ्याशी. समुद्रावरून आलेले ढग घाटाला अडतात आणि आमच्या डोक्यावर रिकामे होतात. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. घाटमाथ्यावर हाच पाऊस धरणांत साठवून टाटांचे खोपोलीचे वीजघर 1915 पासून चालत आले आहे. पण तो आमच्या भिंतींतही मुरतो, त्याचे काय?

मी इथे नोकरीला आलो तेव्हा दोन खोल्या भाड्याने घेतल्या. उन्हाळ्यात पाहून घेतल्या, हीच पहिली चूक. जुलैत पश्चिमेच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले, कपाटामागे हिरवट बुरा चढला, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याला कुबट वास येऊ लागला. त्यातच धाकट्याला खोकल्याची ढास लागली. घरमालकांना सांगितले. ते म्हणाले, "सर, तुम्ही घरात कपडे वाळत घालता, खिडक्या लावून बसता. आमच्या वेळी एवढी ओल नव्हती." मी म्हटलं, "काका, भिंत तर तुमची आहे ना?" महिनाभर हेच चालले. भिंत मात्र दोघांपैकी कोणीच तपासली नव्हती.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. त्यांना घराबाहेर ठेवणे शक्य नाही. (याच कुळातल्या एका बुरशीतून फ्लेमिंगना 1928 साली पेनिसिलीन सापडले, आणि घाट चढून गेल्यावर पिंपरीला 1954 साली त्याचा सरकारी कारखाना निघाला. सगळीच बुरशी वैरीण नव्हे!) धूळ, रंग, पुस्तकाची खळ हे तिचे अन्न घरात असतेच. कमी असते ते फक्त पाणी. म्हणून ठिपके पुसण्याआधी पाणी कुठून येते ते शोधावे.

ते तीन वाटांनी येते. एक खालून. वातीत तेल चढते तसे जोत्यातून पाणी भिंतीत चढते. जमिनीलगत ओला पट्टा दिसतो आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरी खार फुटते. दुसरी वाट बाहेरून, म्हणजे झड, गिलाव्याची भेग, गळका पाइप. आमच्याकडची जुनी माणसे उगाच लांब वळचण ठेवत नसत, किंवा पावसाळ्याआधी झडीच्या बाजूला झापे बांधत नसत. आता सिमेंटची घरे सपाट झाली, वळचण गेली आणि पाणी भिंतीवरूनच ओघळू लागले. तिसरी वाट आतली: चुलीवरची वाफ, ओले कपडे, माणसांचा श्वास. ही वाफ थंड कोपऱ्यात जाऊन बसते.

ओळखायचे कसे? भिंतीचा हातभर भाग कोरड्या फडक्याने पुसावा, त्यावर प्लॅस्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि दोन दिवसांनी पाहावे. तुकड्याच्या मागे पाणी जमले तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूने जमले तर हवेतली. मी दोन ठिकाणी लावला. पश्चिमेच्या भिंतीवर तो मागून भिजला, कपाटामागच्या कोपऱ्यात पुढून. म्हणजे काकाही खरे आणि मीही खरा!

हवेतल्या ओलीचा उपाय आपल्या हाती आहे. कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे घ्यावे. स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी आणि आतले दार बंद ठेवावे. मात्र दिवसभर खिडक्या सताड उघडून जुलैत घर सुकत नाही. बाहेरचीच हवा ओलीचिंब असते. उघडीप मिळेल तेव्हा त्या उघडाव्यात. बुरशी कोरडी झाडू नये, बीजाणू उडतात. नाकाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर वापरलीच तर तिच्यात संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, विषारी वायू होतो. भिंतीतली ओल मात्र गवंड्याशिवाय जात नाही. तिच्यावर तैलरंग देणे म्हणजे पाणी आत कोंडणे. भेगा बुजवून भिंत सुकू द्यावी आणि मग चुन्याचा हात द्यावा.

हा वाद क्षुल्लक समजू नका. इंग्लंडात रॉचडेल येथे अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल डिसेंबर 2020 मध्ये श्वसनाच्या विकाराने गेले. भाड्याच्या घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने हे घडले, असा निर्णय 2022 मध्ये चौकशीत झाला. आईबापांनी तक्रार केली होती; घर देणाऱ्या संस्थेने दोष त्यांच्या राहणीवर ढकलला होता. पुढे 2023 साली तेथे त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला.

आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 याचे कलम 14 आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. हा कायदा कोणत्या गावांना लागू, त्याची यादी कायद्यालाच जोडलेली आहे. ती आधी पाहावी. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणाऱ्यांनी, बदलीच्या शिक्षकांनी विशेषतः, सहीपूर्वीच करारात दुरुस्तीची ओळ घालून घ्यावी.

मी काकांना तारीख घालून कागद दिला. त्यात दोन ओळी भिंतीबद्दल होत्या आणि दोन माझ्या कपाटाबद्दल. कपाट मी त्याच दिवशी हलवले. गवंडी मात्र दसऱ्यानंतर आला.