आजारी विद्यार्थिनी पुण्यात, शिधापत्रिका लिंबागणेशला

बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते तेथील भालचंद्र गणेशाच्या मंदिरामुळे. या भागातील मुले पदवीपर्यंतचे शिक्षण कसेबसे जवळपास पूर्ण करतात आणि पुढे शिकायचे ठरले की छत्रपती संभाजीनगर किंवा पुणे गाठतात. समजा, अशीच एक मुलगी पुण्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिसेंबरातील एका रात्री तिच्या पोटात असह्य कळा सुरू होतात. मैत्रिणी तिला रिक्षात घालून जवळच्या खासगी रुग्णालयात नेतात. आईवडील ऊसतोडीसाठी दूर कोणत्या तरी कारखान्याच्या फडावर आहेत, गावातील घराला कुलूप आहे आणि मुलीच्या खात्यात महिन्याच्या खाणावळीपुरते पैसे आहेत. अशा वेळी तिला मदत मिळू शकते का?

मिळू शकते. मात्र ती ज्या मार्गांनी मिळते, त्यांपैकी एकही मार्ग विद्यार्थ्यासाठी म्हणून आखलेला नाही. तो रुग्णासाठी, गरीब कुटुंबासाठी आखलेला आहे. ही बाब लक्षात न घेतल्यामुळेच बहुतेक मुले विद्यापीठाच्या कार्यालयात चौकशी करीत बसतात आणि मोलाचे दोन दिवस वाया जातात.

प्रथम दाखल होण्याविषयी. आणीबाणीतील रुग्णावर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले आहे. महाराष्ट्रात त्याहून ठोस आधार आहे तो धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ अअ खाली मुंबई उच्च न्यायालयाने घालून दिलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. तीनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करायची असते. वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा आता निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये आहे. आणीबाणीत रुग्णाला ताबडतोब दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार करणे या रुग्णालयांवर बंधनकारक असून, अनामत रकमेसाठी अडून बसण्यास त्यांना मुभा नाही. पुण्यातच २०२५ मध्ये एका गर्भवतीकडे अनामत मागितल्याच्या आरोपावरून गदारोळ झाला, तेव्हा कोठे हा नियम सामान्य माणसाच्या कानावर पडला. शहरातील मोठी, चकचकीत रुग्णालये पुष्कळदा 'धर्मादाय' असतात, हे गावाकडून आलेल्या मुलांच्या ध्यानीमनीही नसते. दारावरील फलक नीट वाचावा आणि वैद्यकीय समाजसेवकाची भेट मागावी.

दुसरा आणि बहुतांना उपयोगी पडणारा मार्ग महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना पुढे राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि नंतर ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण होते. २०२३ च्या निर्णयानुसार ते पाच लाखांवर नेण्यात आले. ही रक्कम कुटुंबाची आहे, एकट्या रुग्णाची नव्हे, हे विसरू नये. योजनेत समाविष्ट असलेल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. आणीबाणीत दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद मागाहून देता येतात. मात्र योजना रोकडविरहित आहे. योजनेबाहेरच्या रुग्णालयात आधी पैसे भरले आणि मग परतावा मागितला, तर तो मिळत नाही. म्हणून आपल्या मुलीच्या बाबतीत त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय एकच: रिक्षा कोणत्या दाराशी थांबवायची? ससूनसारख्या शासकीय रुग्णालयात गर्दी असते, वाट पाहावी लागते. पण खिसा रिकामा असताना तेच दार सर्वांत भरवशाचे.

शिधापत्रिका पिवळी की केशरी, हा वाद आता उरलेला नाही, कारण सर्व शिधापत्रिकाधारक योजनेत आले आहेत. रंगाचा प्रश्न मिटला तरी नावाचा शिल्लक आहे. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या पत्रिकेतून कमी होते आणि सासरच्या पत्रिकेत चढवायचे राहून जाते. हे नाव वेळीच चढवून घ्यावे लागते.

या दोन्ही मार्गांनी काम झाले नाही, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. येथे उत्पन्नमर्यादा १ लाख ६० हजार रुपयांची आहे. तहसीलदाराचा दाखला, उपचारखर्चाचे अंदाजपत्रक, रुग्ण दाखल असल्याचा पुरावा ही त्याची प्रमुख कागदपत्रे. खासगी रुग्णालयाचे अंदाजपत्रक असल्यास त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकाचे प्रमाणीकरण लागते. मदत थेट रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. रुग्ण घरी गेल्यानंतर केलेल्या अर्जाला अर्थ राहत नाही. पूर्वी या निधीसाठी मंत्रालयाचे हेलपाटे घालावे लागत. २०२५ पासून जिल्ह्याच्या ठिकाणी कक्ष उघडण्यात आले आहेत. आजार नसून रस्त्यावरील अपघात असेल, तर केंद्राने मे २०२५ मध्ये अधिसूचित केलेल्या योजनेखाली सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकडविरहित मिळतात. तेथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

इतके मार्ग असताना पदव्युत्तर विद्यार्थ्याचीच एवढी परवड का व्हावी? त्याचे कारण त्याच्या वयात आहे. शाळकरी मुलांना अपघात झाला तर राज्याचे सानुग्रह अनुदान आहे, परंतु ते बारावीपर्यंत. कामगार राज्य विमा योजनेत मुलगा वडिलांवर अवलंबून मानला जातो तो ठरावीक वयापर्यंतच, आणि संशोधक विद्यार्थी हे वय सहज ओलांडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७ हजार झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि स्वतंत्र वैद्यकीय साहाय्य दिले जाणार नाही, संस्थेतील सुविधा वापरावी, असे तिच्या नियमांतच नमूद आहे. राज्यातील बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांचे हप्ते तर वेळेवर येतीलच असे नाही. त्यासाठी संशोधकांना आंदोलने करावी लागली आहेत. थोडक्यात, तो मूल उरलेला नाही आणि नोकरदारही झालेला नाही.

राज्य शासनाला विद्यार्थ्याची अडचण कळत नाही, असेही म्हणता येत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाच्या सवलतींत परीक्षाशुल्काची माफी होती. आभाळ फाटले तर शुल्क माफ होते, शरीराने दगा दिला तर मात्र विद्यार्थ्यासाठी काही नाही, ही विसंगती आहे. जर्मनीत आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात नावनोंदणीच होत नाही. आपल्याकडे शुल्काच्या पावतीवर विद्यार्थी कल्याण, वैद्यकीय तपासणी, विमा असे रकाने पुष्कळदा दिसतात. त्या पैशांतून काय मिळते, हे विद्यार्थी विकास विभागात जाऊन विचारणारा विरळा. वरील साऱ्या योजना रुग्णालयाचे देयक भागवतात. गावाहून येणाऱ्या वडिलांचे भाडे, बुडालेली मजुरी, घरी गेल्यानंतरची औषधे यांसाठी हातात रोख लागते, आणि ती देणारी शासकीय योजना नाही. विभागप्रमुखाच्या सहीने एका दिवसात दहा-पंधरा हजार रुपये देता येतील एवढा निधी प्रत्येक विद्यापीठाला उभारता येण्याजोगा आहे. सध्या ते काम वर्गमित्रांची वर्गणी करते.

तोपर्यंत कागदांची तजवीज घरच्यांनीच करायची आहे. शिष्यवृत्तीसाठी काढलेला उत्पन्नाचा दाखला येथेही चालतो. मात्र आर्थिक वर्ष पालटले की तो नव्याने काढावा लागतो. कोयता घेऊन निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, हा दाखला, शिधापत्रिका आणि आधार यांच्या प्रती मुलीच्या भ्रमणध्वनीत आणि एक संच तिच्या खोलीतील पेटीत असावा. घराची किल्ली ज्या शेजाऱ्याकडे असते, त्याला मूळ कागद कोणत्या ट्रंकेत आहेत, तेही सांगून ठेवावे.