डाव्या हाताची गिटार

आमची मुलगी डावखुरी. आजीच्या धाकाने जेवते उजव्या हाताने, पण गिटार हातात घेतली की गिटारीची मान आपोआप उजव्या हाताकडे जाते. पुण्यातली सहा-सात दुकाने पालथी घातली. डावखुऱ्यांसाठीच्या इलेक्ट्रिक गिटारी एक तर नव्हत्या, नाहीतर दीडपट भावाच्या. उजव्या हाताची गिटार उलटी करून तारा फिरवून लावता येतात, जिमी हेन्ड्रिक्स बहुतेक वेळा तेच करायचा. पण मग जाड तारेच्या खाचेत बारीक तार बसते आणि डुगडुगते, आणि आवाजाची बटणे नेमकी कोपराखाली येतात. शेवटी ठरवले, घरीच करायची.

लाकडाचे काम फार सांगण्यासारखे नाही. जुन्या कपाटाचे सागवानी दार होते, त्यातून अंग कापले. मान तयार मिळाली. खरा कस लागला तो लहान भागांत, आणि गिटारीचा आवाज या लहान भागांतच असतो, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगतो.

पहिला भाग पिकअप. चुंबकाभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, बस. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत बारीकशी वीज उमटते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले तेच हे तत्त्व. बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सची दुकाने आहेत, तिथून हायलमचा (कडक लॅमिनेटचा) पत्रा आणला आणि बॉबिनच्या वरच्या-खालच्या पट्ट्या करवतीने कापल्या. मध्ये सहा लोखंडी खुंट्या, प्रत्येक तारेखाली एक. खाली फेराइट चुंबकाची पट्टी.

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी १९६३ मध्ये घरातल्या खोलीत गिटार करायला घेतली, ती गोष्ट मला पाठ होती. शेकोटीच्या चौकटीच्या जुन्या लाकडाची मान, आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे, मोटारसायकलच्या स्प्रिंगा. पहिले पिकअपही ब्रायनने स्वतःच गुंडाळले होते. पण शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव उलटसुलट असल्यामुळे तार बोटाने आडवी ओढली की आवाज खरखरायचा, आणि अखेर त्याला विकतचे पिकअप बसवावे लागले. म्हणून मी सहाही खुंट्यांखाली एकच लांब चुंबक ठेवला, सगळ्यांची वरची टोके एकाच ध्रुवाची.

तारेत मात्र फसलो. सगळीकडे वाचले होते की पिकअपला ४२ नंबरची तार लागते. मोटर वाइंडिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात जाऊन ४२ नंबर मागितली. त्यांनी दिली, मी आणली आणि शिलाई मशीनच्या मोटरवर बॉबिन चढवली. वेढे मोजायला कॅल्क्युलेटर उघडून ‘बरोबर’च्या बटणाला रीड स्विच जोडला होता. फिरत्या चकतीवरचा छोटा चुंबक समोरून गेला की आकडा एकाने वाढायचा. तीन हजारांच्या आतच बॉबिन गच्च भरली. मीटर लावला तर जेमतेम ९०० ओहम, जिथे सहा हजारांच्या आसपास हवेत. रात्रभर डोके खाजवले. सकाळी उजाडले ते असे की वाचलेला नंबर अमेरिकन मापाचा, आणि आपल्याकडचे दुकानदार ब्रिटिश माप वापरतात. अमेरिकन ४२ म्हणजे ०.०६३ मिलिमीटर, आपल्याकडची ४२ म्हणजे ०.१ मिलिमीटर. आपल्याकडे त्या जाडीच्या सगळ्यात जवळ येते ती ४६ नंबरची तार. दुकानदाराची काहीच चूक नव्हती, मी मागितले ते त्यांनी दिले होते.

४६ नंबरची तार डोळ्यांना दिसते कमी, बोटांना कळते जास्त. तर्जनी आणि अंगठ्यात फेल्टचा तुकडा धरून तिला त्यातून जाऊ द्यायचे. ढिली सोडली की वेढे पोकळ बसतात, जरा ताणली की टक्कन तुटते. माझी ५,२०० वेढ्यांवर तुटली. दोन्ही टोकांचे इनॅमल कवियाने जाळले, पीळ दिला, डाग दिला आणि पुढे निघालो. हात डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अगदी सावकाश. पंख्याची झुळूकसुद्धा तारेला हलवते, म्हणून पंखा बंद. कानशिलावरून घाम. ७,४०० ला थांबलो. एका पिकअपमध्ये एक किलोमीटरहून जास्त तार गेली. मीटर म्हणाला ६.१ किलोओहम.

मग मेणात बुडवणे. पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण, एका पातेल्यात पाणी आणि त्यात मेणाचे भांडे, तापमान ६५ अंशांच्या पुढे जाऊ द्यायचे नाही. बुडबुडे थांबेपर्यंत पिकअप आत ठेवायचा. वेढ्यांतली हवा निघून मेण बसते. नाहीतर आवाज वाढवला की वेढे स्वतःच थरथरतात आणि ॲम्प्लिफायर किंचाळतो.

दुसरा भाग नट. मानेच्या टोकाशी, तारा सूर जुळवायच्या खुंट्यांकडे वळतात तिथली हाडाची चिमुकली पट्टी. तयार नट उजव्या हातासाठी खाचलेला, त्यामुळे हा करणेच भाग होते. हाडाचे दोन तुकडे मला मिरजेच्या एका कारागिरांनी दिले. मिरजेत तलवारींना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात सतारी-तंबोऱ्यांकडे वळली. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते गृहस्थ तंबोऱ्याची जवारी काढत होते. घोडीचा माथा कानशीने दोनदा घासायचा, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा एकदाच घासायचे. तार घोडीच्या किंचित गोलाव्यावर घसटत राहावी आणि आवाज फुलून यावा, यासाठी सारी खटपट. तासभर मी नुसता बघत होतो. त्यांनी चहा मागवला, पण कानशी खाली ठेवली नाही.

घरी येऊन नट घासला. गॅस कटरचे नोझल साफ करायच्या पिना मिळतात, बारीक दातांच्या, वेगवेगळ्या जाडीच्या. त्यांनी खाचा पाडल्या. तारेची अर्धी जाडी खाचेत, अर्धी वर. तार तिसऱ्या पडद्यावर दाबली की पहिल्या पडद्यावर केसाएवढी फट दिसली पाहिजे. एक खाच खोल गेली, ती हाडाची पूड आणि फेविक्विक भरून पुन्हा पाडली.

तारा चढवल्या आणि चौथी तार मोकळी छेडली. झण्ण. हुबेहूब तंबोरा. खाचेचा तळ सपाट राहिला होता, तार तिथे घसटत होती. मिरजेत जो आवाज यावा म्हणून तासभर घासणे चालले होते, तोच इथे घालवायचा होता. खाचेला खुंट्यांच्या बाजूने उतार दिला, म्हणजे तार पुढच्या धारेवरच टेकून सुटते. चार हात मारले आणि झणत्कार गेला. तो कशाने येतो हे मिरजेत पाहिले नसते, तर मी पिकअपलाच दोष देत बसलो असतो.

बोहरी आळीतून आणलेल्या पितळी सळईची घोडी केली. तिला पाडायच्या भोकांचे काम शेवटी लेथवाल्याकडून करून घ्यावे लागले, हातातल्या ड्रिलने भोक सरळ जाईना.

मुलगी आता रोज संध्याकाळी वाजवते. तुमच्या घरी कोणी डावखुरे असेल तर खुशाल करायला घ्या. फक्त तार आणताना नंबर सांगू नका, ०.०६ मिलिमीटर म्हणा. आणि हाड घासताना तोंडाला मास्क बांधा.